झाडानं शोषलेलं शिसं मग जातं कुठे? (ठाणे खाडीचा गाळ, तिवर, धापा आणि धातू)

खाडीकाठ

मी ठाण्यात शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना खाडीकाठी नेलं होतं. हातात एक पत्रक होतं, त्यात ओळ होती: "खारफुटी आणि खाजणातल्या वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेतात." (खाजण म्हणजे भरतीचं पाणी येतं ती खारी, चिखलाची सपाट जमीन.) मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. एका मुलीनं विचारलं, "बाई, शोषलेलं मग जातं कुठे?" मी म्हटलं, झाडात राहतं. ती म्हणाली, "आणि झाड मेलं की?"

मी गप्प झाले. उत्तर येत नव्हतं असं नाही. एमेस्सीला माझा प्रबंध याच गाळावर होता. पण ते उत्तर त्या पत्रकातल्या ओळीइतकं सोपं नाही, आणि रस्त्यावर उभं राहून ते देता येईना. म्हणून इथे लिहिते आहे. माहीतगारांनी भर घालावी, चुकलं तर सांगावं.

आधी धातूंबद्दल. सांडपाण्यातली घाण कुजते, तेल हळूहळू विघटित होतं. धातू कुजत नाही. शिसं हे शिसंच राहतं. त्याचं रूप बदलतं, जागा बदलते, ते नाहीसं होत नाही. ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब, उत्तरेला अरुंद वाटेनं उल्हासच्या खाडीला जोडलेली. पूर्वेला १९६०च्या दशकापासून वसलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, पश्चिमेला मुंबई. मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून क्रोमियम आणि निकेल, रेयॉनच्या कामातून जस्त, बॅटऱ्या आणि जुन्या रंगांतून शिसं. पेट्रोलमधलं शिसं तर २००० सालच्या फेब्रुवारीत देशभर बंद होईपर्यंत रस्त्यारस्त्यावर पडत होतं आणि पावसाळ्यात धुऊन खाडीत येत होतं. हे सगळं पाण्यात फार काळ तरंगत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतं आणि पाणी संथ झालं की खाली बसतं. खाडीचं पाणी दिसायला निवळलं तरी तळाच्या गाळात पन्नास वर्षांचा जमाखर्च असतो.

आता तो गाळ. आम्ही प्लास्टिकची नळी चिखलात दाबून उभा नमुना काढायचो. वरचे काही मिलिमीटर तपकिरी. त्याखाली लगेच काळाकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचा. त्या काळ्या भागात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि सल्फाइड तयार करतात. हे सल्फाइड लोखंडाला धरतं (काळा रंग त्याचाच), आणि शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम यांनाही धरतं. सल्फाइडच्या रूपातला धातू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे वासानं नाक धरायला लावणारा तो काळा चिखल खरं तर कुलूप आहे.

आणि मग त्यात मुळं येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नमुना बिघडला असं समजले होते. काळ्या गाळात मध्येच विटकरी रंगाच्या बारीक नळ्या, गंजलेल्या तारेसारख्या. प्रत्येक नळीच्या आत मूळ. अशा चिखलात जगायचं तर झाडाला मुळापर्यंत हवा पोचवावी लागते. तिवर (खारफुटीचं झाड) ती चिखलातून वर काढलेल्या श्वसनमुळांनी घेतो, खाजणातलं गवत खोडातल्या पोकळ उतींमधून खाली नेतं. त्यातला थोडा प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो. आसपासचं विरघळलेलं लोखंड त्याला भेटून गंजतं आणि मुळाभोवती त्याचं कवच बसतं.

खरा गुंता इथे आहे. तोच प्राणवायू सल्फाइडचं कुलूप उघडतो, धातू सुटतो. आणि तोच प्राणवायू गंजाचं कवच तयार करतो, जे सुटलेला धातू पुन्हा पकडतं. एकाच मुळाभोवती, एखाद्या मिलिमीटरच्या आत, दोन्ही गोष्टी चालू असतात. पकड जास्त की सुटका, हे झाडाची जात, ऋतू, भरतीचं पाणी किती वेळ थांबतं, गाळ किती बारीक यावर ठरतं.

"शोषून घेतात" या शब्दात यातलं काहीच येत नाही.

निवटी

ताई, त्या लाल नळ्या आम्हाला लहानपणापासून माहीत आहेत. आम्ही कोळीवाड्यातले. बाबा निवट्या (चिखलातले छोटे मासे) धरायला जायचे तेव्हा मी मागे असायचो. तिवराखालचा चिखल आणि उघड्या खाजणातला चिखल पायालाच वेगळा कळतो. झाडाखाली पाय घोट्यापर्यंत जातो आणि टेकतो. उघड्यावर गुडघ्यापर्यंत जातो, टेकतच नाही. बाबा म्हणायचे, तिवर चिखल बांधतो.

एक विचारायचं आहे. झाडाखालचा गाळ तपासला आणि उघड्यावरचा तपासला, तर विष कुठे जास्त निघतं?

खाडीकाठ

@निवटी दादा, बहुतेक वेळा झाडाखाली. मुळाशी धातू जास्त सापडतो. मुळं आणि खोडं पाण्याचा वेग मोडतात, त्यामुळे सगळ्यात बारीक कण तिथेच बसतात, आणि धातू बारीक कणांनाच चिकटलेला असतो. शिवाय पानं-मुळं कुजून जो सेंद्रिय भाग गाळात मिसळतो, तोही धातू धरतो. बाबांनी म्हटलं तेच: बांधतो.

रसायनी

चांगला धागा. मी पर्यावरण प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या करतो, म्हणून मोजमापाविषयी लिहितो. या विषयावरच्या बातम्या वाचताना दोन ठिकाणी फसगत होते.

गाळाचा नमुना तीव्र आम्लात पूर्ण विरघळवून मोजला की "एकूण धातू" कळतो. पण त्यातला किती जिवाला मिळण्याजोगा आहे, हे त्या आकड्यात नसतं. मातीच्या खनिजात अडकलेलं क्रोमियम हजारो वर्षं तिथेच बसेल. गंजाच्या कवचावर किंवा कणांच्या पृष्ठभागावर सैल चिकटलेलं जस्त उद्या सुटेल. म्हणून नमुन्यावर आधी सौम्य द्रावण, मग जरा तीव्र, मग आणखी तीव्र, अशा पायऱ्यांनी धातू काढतात. ही पद्धत १९७९मध्ये टेसिये आणि सहकाऱ्यांनी पाच पायऱ्यांत मांडली. झाडाखालच्या आणि उघड्या गाळाचा एकूण आकडा सारखा असूनही पायऱ्यांमधली वाटणी अगदी वेगळी निघू शकते. झाड ही वाटणीही बदलतं.

दुसरी फसगत आपल्या कोकणाची आहे. गाळ प्रदूषित आहे का हे ठरवायला पुष्कळदा जगभरच्या शेल खडकाच्या (जुना चिखल घट्ट होऊन बनलेल्या) सरासरीशी तुलना करतात. त्या सरासरीत तांबं किलोला ४५ मिलिग्रॅम, जस्त ९५, शिसं २०. पण आपल्या खाड्यांत येणारी माती दख्खनच्या बेसाल्टची, काळ्या कातळाची. बेसाल्टमध्ये तांबं मुळातच या सरासरीच्या कितीतरी वर असतं. म्हणजे जिथे एकही कारखाना नाही अशा खाडीतही तांब्याचा आकडा "जास्त" दिसणार. उलट शिसं बेसाल्टमध्ये कमी असतं. आपल्या गाळात शिसं वाढलेलं दिसलं तर ते बाहेरून आलेलं असण्याची शक्यता खूप मोठी. खाडीचा आकडा त्याच खाडीच्या खोल, जुन्या थराशी ताडून पाहावा. थराचं वय शिसं-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढता येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे गेल्या शंभरेक वर्षांसाठी ते कामाचं.

मूळ लेखात एक भर घालतो. मुळं फक्त प्राणवायू सोडत नाहीत. सायट्रिक, मॅलिक, ऑक्झॅलिक अशी सेंद्रिय आम्लंही सोडतात. ही धातूला धरून पाण्यात आणतात.

अश्विनी_ऐरोली

सगळं वाचलं, पण सरळ सांगा: झाडं असणं चांगलं की वाईट? आमच्या सोसायटीसमोर खारफुटी आहे. आता भीती वाटायला लागली.

खाडीकाठ

@अश्विनी ताई, चांगलंच. घाबरण्यासारखं तिथे काही नाही. झाडं नसती तर तोच गाळ प्रत्येक उधाणाला ढवळला गेला असता. माझं म्हणणं एवढंच की ती सफाई कामगार नाहीत. त्यांनी कचरा उचलून नेलेला नाही, मुठीत धरलेला आहे.

लिस्बनकर

मी नऊ वर्षं लिस्बनमध्ये आहे. इथली तेजू नदीची खाडी या विषयासाठी जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या ठिकाणांपैकी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तेजूची खाडी पश्चिम युरोपातल्या मोठ्या खाड्यांपैकी एक, सुमारे ३२० चौरस किलोमीटर. एका काठाला लिस्बन, समोर बारेरूचा जुना रासायनिक उद्योग, आणि वर उत्तरेकडच्या फाट्यावर मिठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा कारखाना. जुन्या पद्धतीत त्या कामाला पारा वापरत, आणि तो खाडीत आला. तरीही खाडीचा वरचा भाग १९७६पासून राखीव निसर्गक्षेत्र आहे आणि अल्कोशेतच्या बाजूला फ्लेमिंगो उतरतात. ठाण्याहून इथे आलो तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात ते पाहिले आणि काठावर बराच वेळ उभा राहिलो.

इथे खारफुटी नाही, थंडीमुळे ती वाढत नाही. भरतीच्या पट्ट्यात बुटक्या वनस्पतींची खाजणं आहेत: खाली पाण्याच्या बाजूला स्पार्टिना नावाचं गवत, त्याच्या वर राखाडी पानांचं हॅलिमिओने आणि कांड्याकांड्यांचं सार्कोकॉर्निया. कार्लुश वाल, इझाबेल कसादोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मुळांभोवतीच्या गंजनळ्यांवर १९९०मध्ये लिहिलं. ताईंनी पाहिलेल्या त्याच. नळ्यांमध्ये लोखंडाबरोबर जस्त, शिसं, कॅडमियमही आसपासच्या गाळापेक्षा जास्त होतं. १९९८मध्ये सुंडबी यांच्यासोबतच्या निबंधात नळी कशी बनते ते मांडलं: काळ्या गाळात विरघळलेलं लोखंड मुळाकडे सरकत येतं, मुळातून झिरपणाऱ्या प्राणवायूला भेटतं, तिथेच बसतं, आणि जाताजाता इतर धातूंना अडकवतं.

झाडाच्या आत काय होतं? बहुतेक धातू मुळातच राहतो. पानापर्यंत फार थोडा चढतो. त्या मुलीनं विचारलं ना, झाड मेलं की काय? इथल्या खाजणांबद्दल उत्तर असं की पूर्ण झाड मरायची वाटच बघावी लागत नाही. बारीक मुळं सतत मरतात आणि नवी येतात. मेलेल्या मुळातला धातू त्याच गाळात परत मिसळतो. म्हणजे गाळातून मुळात, मुळातून गाळात, असं चक्र एकाच जागी फिरत राहतं, आणि बराचसा धातू खाजणाच्या बाहेर पडत नाही.

पाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आणि मला ती फार काळजीची वाटते. सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याला मिथाइल पाऱ्यात बदलू शकतात. जपानमधल्या मिनामाटात माणसं ज्यानं अपंग झाली ते हेच रूप. माशामाशांतून ते वर वर साठत जातं. जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ हवेत आणि मुळं ते पुरवतात. जुआंव कनारियू आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये तेजूच्याच खाजणांत मिथाइल पारा जास्त तयार होत असल्याचे पुरावे दिले. म्हणजे जी मुळं शिसं धरून ठेवतात तीच पाऱ्याच्या बाबतीत धोका वाढवू शकतात. "वनस्पती आणि धातू" असं एकच वाक्य म्हणून चालत नाही. कुठला धातू, हे आधी विचारावं लागतं.

रसायनी

@लिस्बनकर, फार महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे उल्हासच्या खाडीच्या गाळात पारा असल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे, आणि तोही मुख्यतः याच क्लोरीन-कॉस्टिक उद्योगाच्या काळातला. भारतात तो उद्योग आता पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याच्या पद्धतीवर आला आहे. भारतानं पाऱ्यावरच्या मिनामाटा कराराला २०१८मध्ये संमतीही दिली. नवा पारा यायचा थांबला की जुन्यावर हळूहळू नवा गाळ चढतो आणि तो खोल गाडला जातो. त्याला वर न आणणं हे आपलं काम.

एडिसनहून

न्यू जर्सीची आठवण झाली. इथे हॅकेन्सॅक नदीकाठची मोठी खाजणं आहेत, शेजारी न्यूयॉर्क. त्यातल्या बेरीज क्रीक नावाच्या ओढ्यात जुन्या कारखान्याचा पारा भयंकर प्रमाणात आहे.

इथला पेच असा. खाजणाचं मूळ गवत स्पार्टिना. गेल्या शतकात फ्रॅगमायटिस नावाच्या उंच बोरूनं पुष्कळ जागा बळकावली. तो काढून मूळ गवत परत लावायचे प्रकल्प झाले. ज्युडिथ वाईस आणि पेड्रिक वाईस यांनी सहकाऱ्यांसह दोन्ही गवतांतले धातू मोजले. स्पार्टिना धातू पानांपर्यंत जास्त नेते आणि पानांवरच्या मीठग्रंथींतून मिठाबरोबर थोडा बाहेरही टाकते. बोरू बराचसा जमिनीखाली धरून ठेवतो. म्हणजे ज्याला आक्रमक म्हणून उपटायचं, तो धातू जागेवर ठेवायला बरा निघाला.

मला हे वाचून धक्का बसला होता. पक्षी, मासे, खेकडे यांच्यासाठी स्पार्टिनाच चांगली असं मी गृहीत धरलं होतं.

खाडीकाठ

@एडिसनहून, आपल्या तिवरालाही मीठग्रंथी आहेत. पानाच्या मागे बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं, मुलांना तर हे फार आवडतं. ऑस्ट्रेलियात तिवराच्याच जातीवर मॅकफार्लेन आणि बर्चेट यांचं काम आहे: जस्त आणि थोडं तांबं या ग्रंथींतून बाहेर पडताना दिसलं. शिसं मात्र मुळाच्या सालीतच अडकून राहतं, वर फारसं चढत नाही. झाडाला जस्त आणि तांबं थोडं लागतंच, त्यामुळे त्यांना आत वाट असते. शिशाचं झाडाला काही काम नाही.

आणि गळलेलं पान चिखलात कुजत पडलं की आसपासचा धातू त्याच्यावर आणखी चढतो, कुजताना त्यातला अंश वाढत जातो. ते कुजकं पान खेकडा खातो. त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक टोक इथे आहे.

हरितमन

मी टाकाऊ जमिनीवर हिरवळ उभी करायचं काम करतो. मग एक सरळ उपाय का करू नये? धापा (सेसुव्हियम) लावायचा. खारट जमिनीत पसरतो, वर्षभर हिरवा, कलमांनी लागतो. ट्युनिशियात कुंड्यांतल्या प्रयोगांत त्यानं कॅडमियम चांगलं सहन केलं आणि वर पानात घेतलं. आपल्याकडेही पुणे विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी या वनस्पतीवर काम केलं आहे. लावायचा, कापायचा, कापलेला माल सुरक्षित जागी न्यायचा, पुन्हा लावायचा. धातू खाडीबाहेर जाईल.

रसायनी

@हरितमन, कल्पना मनापासून मांडली आहे, म्हणून मनापासून हिशेब करून बघतो. आकडे मोजलेले नाहीत, समजण्यापुरते धरलेले आहेत.

एक हेक्टर गाळ, वरचे २० सेंटिमीटर. म्हणजे २,००० घनमीटर, वाळवून साधारण १,५०० टन. शिसं किलोला ४० मिलिग्रॅम धरू. एकूण शिसं ६० किलो. आता धापा: वर्षाला हेक्टरी १० टन वाळका पाला मिळाला असं उदारपणे धरू, आणि त्यात शिसं किलोला ५ मिलिग्रॅम. वर्षाला बाहेर गेलं ५० ग्रॅम. साठ किलो काढायला १,२०० वर्षं.

जस्ताचं करू, ते पानात जास्त चढतं. गाळात किलोला १५० मिलिग्रॅम, पानात ५०. गाळात २२५ किलो, वर्षाला बाहेर अर्धा किलो. ४५० वर्षं. तेही नवा धातू एक ग्रॅमही आला नाही असं धरून.

कुंडीत विरघळणारं कॅडमियम ओतलेलं असतं, झाडाला ते सहज मिळतं. खाडीत ते सल्फाइडच्या कुलपात आहे. आणि दर वर्षी कापणीसाठी चिखलात माणसं, होड्या, खुरपी येणार. त्या तुडवणीत जे सुटेल ते कापलेल्या पाल्यातल्या धातूपेक्षा जास्त असेल असं माझं मत.

हरितमन

१,२०० वर्षं हा आकडा डोक्यात बसला. कारखान्याच्या सांडपाण्याच्या टोकाला, खाडीत येण्याआधीच्या हौदात धापा लावला तर?

रसायनी

तिथे नक्की विचार करावा. हौदात धातू विरघळलेला असतो, गाळ काढता येतो, मोजता येतो. झाडाला खाडीच्या दाराबाहेर कामाला लावणं मला पटतं.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो. आमच्या मांडवी आणि जुवारीतून दशकानुदशकं लोह आणि मँगनीजच्या खनिजाचे बार्ज गेले. चढवताना, उतरवताना खनिज पाण्यात पडायचं, आणि पावसात खाणींवरची लाल माती वाहून यायची. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या चालल्या, २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. दोन्ही नद्यांच्या गाळात लोह आणि मँगनीज वाढल्याचं दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या कामात आलेलं आहे.

इथे मुळांवरचं लाल कवच फार जाड दिसतं. चोडण बेटावर ओहोटीच्या वेळी काठ ढासळलेला असला की उघडी पडलेली मुळं वीट घासल्यासारखी लाल. लोखंडच इतकं आहे. त्यानं इतर धातू पकडायला मदत होते का, हे रसायनींनी सांगावं.

आमच्या खाजन शेतीबद्दलही सांगतो. बांध घालून आणि मानस नावाच्या लाकडी दारांनी खारं पाणी आत-बाहेर करून आमच्या पूर्वजांनी भरतीच्या पट्ट्यात कोरगुट भात पिकवला. बांध फुटला की शेत बुडतं, एवढं सगळे जाणतात. पण जुने लोक दुसरीही एक गोष्ट सांगायचे: खाजन पूर्ण सुकवू नये, माती आंबट होते.

रसायनी

@मांडवीतीर, हो, लोहाचं आणि मँगनीजचं ताजं ऑक्साइड धातूंसाठी उत्तम गोंद आहे. अट एकच: प्राणवायू हवा. झाड मेलं, मुळातून हवा येणं थांबलं, की ते कवच काळ्या गाळात हळूहळू विरघळतं आणि पकडलेलं सोडून देतं. मग पुन्हा सल्फाइड त्याला धरतं की पाण्यात जातं, हे तिथल्या परिस्थितीवर.

तुमच्या जुन्या लोकांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. काळ्या गाळात लोहाचं सल्फाइड साठलेलं असतं. त्याला उघड्यावर सुकवलं की हवेनं त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. केरळात कुट्टनाडच्या काळ्या "करी" जमिनी याच आम्लानं नापीक होतात. आम्ल झालं की धातू सुटतात, सगळे एकदम.

सुगंधा_वसई

माझा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे, चालेल ना? आमच्याकडे मोरसाची भाजी करतात. खाजणात येणारी, बारीक जाड पानांची. उकळून खारटपणा काढायचा, मग कांदा, सुकट घालून परतायची. सासूबाई अजून हौसेनं आणतात. धातू असतील का त्यात?

खाडीकाठ

@सुगंधा ताई, का नाही चालणार. मोरस कुठली आहे त्यावर सगळं आहे. पानात मुळापेक्षा धातू कमी असतो, पण शून्य नसतो. खाजणात उगवणाऱ्या पालेभाजीवर चिखलाचा थर बसतो, आणि त्या चिखलातच धातू जास्त असतो. कारखान्यांच्या, महामार्गाच्या, शहरी नाल्यांच्या आसपासची अजिबात आणू नका. स्वच्छ, लांबच्या खाजणातली असेल तर तीन-चार पाण्यांतून धुऊन, उकळलेलं पाणी टाकून देऊन करा.

लिस्बनकर

इथे त्याच कुळातलं सॅलिकॉर्निया "हिरवं मीठ" म्हणून दुकानात विकतात. मी तरी शेतात लावलेलंच घेतो, काठावरचं तोडत नाही.

निवटी

भाजीचं विचारलं म्हणून मासळीचंही सांगा. आम्ही चिंबोरी खातो, कालवं खातो.

रसायनी

@निवटी दादा, तुमच्यापासून लपवून काय उपयोग. कालवं, तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे गाळाचे कण त्यांच्या पोटात जातात. औद्योगिक पट्ट्याजवळची टाळावीत. चिंबोरीच्या मांसात कॅडमियम कमी असतं; कवचाखालचा जो पिवळा-तपकिरी मऊ भाग, त्यात जास्त साठतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तो देऊ नये.

निवटी

तो भाग आमच्याकडे लहान पोरांनाच आधी देतात. घरी सांगतो.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळ्यांनी मूठ, कुलूप असं लिहिलंत. मी रोज बघतो की कुलूप कोण उघडतंय. कुठे भराव टाकून पाण्याची वाट बंद करतात; आतली तिवरं वर्षा-दोन वर्षांत उभीच्या उभी वाळतात, चिखलाला भेगा पडतात. कुठे वाट खोल करायला गाळ उपसतात आणि तो काळा गाळ काठावर ढीग करून पावसात सोडून देतात. पहिल्या पावसात त्या ढिगाखालून लाल-पिवळं पाणी निघतं. त्या आठवड्यात त्या बाजूला बोय मासा दिसत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, कुठल्या यंत्रानं मोजलेलं नाही. आम्ही तक्रार केली की उत्तर येतं, झाडं तोडलेली नाहीत. झाडं नाही तोडली, पाणी तोडलं.

खाडीकाठ

@निवटी दादा, हे तुम्ही लिहिलं ते मूळ धाग्यात असायला हवं होतं.

मुंबई उच्च न्यायालयानं २००५मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८च्या निकालात खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असं म्हटलं. २०१५पासून खाडीचा १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी). एवढं संरक्षण कागदावर आहे. पण ते झाडांकडे आणि पक्ष्यांकडे बघतं. मला वाटतं प्रत्येक भरावाच्या आणि गाळउपशाच्या परवानगीत एक साधा प्रश्न सक्तीचा करावा: या गाळात खाली काय साठलं आहे, आणि तो हवेत आला तर ते कुठे जाईल? उभा नमुना काढायला एक नळी आणि दोन माणसं लागतात.

आणखी एक. मिठागरांच्या कडेला, तिवरांच्या मागे जो धापा-मोरसाचा बुटका पट्टा असतो, त्याकडे कोणी बघतच नाही. तो "रिकामी जागा" म्हणून गणला जातो. राडारोडा आधी तिथेच पडतो. कधीकधी तर वृक्षारोपण म्हणून त्याच्यावर खारफुटीची रोपं लावतात. मोठं उधाण आलं की तिथवर पाणी पोचतं, गाळ बसतो, धातू बसतो. ती जागा भरलेली आहे.

अश्विनी_ऐरोली

आमच्या सोसायटीसमोर तसाच पट्टा आहे. मी आजवर त्याला गवत म्हणत होते.

खाडीकाठ

(बारा दिवसांनी)

शनिवारी त्याच मुलांना पुन्हा नेलं, या वेळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका ढासळलेल्या बांधाशी. निवटी दादा आले होते. त्यांनी तुटलेल्या काठातून विटेएवढं ढेकूळ हातानं काढून दिलं. आतून काळं, आणि त्यात चार लाल नळ्या. मुलांनी एक नळी सोलली, आत मूळ पांढरं होतं. वास घेऊन सगळे लांब पळाले आणि पुन्हा जवळ आले.

मग आम्ही ते फोडून पाटीवर ठेवलं आणि धापा ओळखायला गेलो. पाऊण तासानं परत आलो तर फोडलेली काळी बाजू वरून तपकिरी झालेली, कडेनं जास्त. प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बाई, हे उघडलं का?"

मी हो म्हटलं. ढेकूळ होतं तिथेच परत बसवलं, वर ओला चिखल लिंपला. दादांनी पायानं दाबून घेतलं.

निवटी

पुढच्या वेळी पुनव किंवा अमावस्येच्या आसपास या. सुकती सकाळी सहाच्या सुमाराला लागते, खाजण लांबवर उघडं पडतं. पोरांना चपला नको म्हणावं, चिखलात राहतात. मी बांधावर थांबतो.